१५% वाचवायला प्ले स्टोअर सोडावं का? सराव परीक्षांचं ॲप चालवणाऱ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: स्पर्धा परीक्षांच्या सराव प्रश्नपत्रिकांचं तुमचं मराठी अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअरवर आहे, वर्षाचं सबस्क्रिप्शन ४९९ रुपये, वर्षाला साधारण दोन हजार मुलं पैसे भरतात आणि गुगल दर वेळी १५% कापून घेतं. मग इंडस ॲपस्टोअरवर (फोनपेचं भारतीय ॲप स्टोअर) गेलं किंवा सरळ वेबसाइटवर एपीके (ॲप फोनमध्ये टाकायची फाइल) ठेवली तर हे पैसे वाचतील का, आणि आयफोनवर भारतात असं दुसरं स्टोअर येणार का.

आधी उत्तर सांगून टाकते. प्ले स्टोअर सोडू नका. इंडसवर जरूर जा, पण कमिशन वाचवायला म्हणून जाऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर ते स्वतःच्या वेबसाइटवरच्या पेमेंटमधून वाचतात, एपीकेतून नाही. मी पुण्यात छोटे प्रकाशक, क्लासवाले, मासिकवाले यांची ॲप बनवून देते, बरीच वर्षं हेच करते, आणि दर वर्षी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा लांबलं तरी नीट लिहिते.

पहिलं म्हणजे हे ३०%, १५% काय प्रकरण आहे. ॲपलने जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा ३०% ठेवले, गुगलही त्याच वाटेने गेलं, आणि मग बारा वर्षं, सबस्क्रिप्शनला दुसऱ्या वर्षापासून दिलेली सूट सोडली तर, त्या आकड्याला कुणी हात लावला नाही. २०२० मध्ये एपिक या गेम कंपनीने आपल्या फोर्टनाइट गेममध्ये स्वतःचं पेमेंट घातलं, दोन्ही स्टोअरनी त्याच दिवशी गेम काढून टाकला, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, आणि मग एकदम सगळ्यांना छोट्या डेव्हलपरची आठवण आली. जानेवारी २०२१ पासून ॲपलने वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना १५% केलं, गुगलने जुलै २०२१ पासून प्रत्येकाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५%, आणि जानेवारी २०२२ पासून सबस्क्रिप्शनवर पहिल्या दिवसापासून १५%. म्हणजे तुम्ही जे ३०% च्या बातम्या वाचून चिडलाय ते तुम्हाला लागूच नाही. गुगलनेच मार्च २०२४ मध्ये सांगितलं होतं की भारतात १५% च्या वर फी भरणारे डेव्हलपर साठसुद्धा नाहीत. आणि ही फी फक्त डिजिटल मालावर आहे. तुम्ही छापील प्रश्नसंच कुरियरने पाठवत असाल तर त्यावर प्ले एक पैसा घेत नाही, उलट तिथे प्लेचं बिलिंग वापरायचंच नाही असा नियम आहे. बऱ्याच क्लासवाल्यांना हे माहीत नसतं.

आता तुमचा हिशोब. जीएसटी बाजूला ठेवते, तो सीएबरोबर बसून बघा, नाहीतर आकडे उगाच गढूळ होतात. ४९९ वर १५% म्हणजे जवळपास ७५ रुपये, दोन हजार मुलांचे दीड लाख. हा तुमचा आजचा खर्च.

गुगलने भारतात एक पर्याय दिलाय, प्लेच्या बिलिंगशेजारी तुमचं स्वतःचं बिलिंगही दाखवायचं, गिऱ्हाइकाने तुमचं निवडलं तर फी चार टक्के कमी, म्हणजे तुम्हाला ११%. ऐकायला बरं वाटतं, पण मग पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी मधली कंपनी) तुमच्या खिशातून, तो साधारण २% धरा. ११ आणि २ मिळून १३, म्हणजे माणशी वाचले दहा रुपये, दोन हजार मुलांचे वीस हजार, तेही सगळ्यांनी तुमचंच बिलिंग निवडलं तर. आणि त्यासाठी निवडीचा स्क्रीन गुगल सांगेल तसा लावायचा, प्रत्येक व्यवहार २४ तासांत त्यांच्या सर्व्हरला कळवायचा, रिफंड झाला तर तोही कळवायचा. हे सगळं लिहून घ्यायचं आणि पुढे सांभाळायचं तर डेव्हलपरचं बिल वीस हजाराच्या पुढे जाईल. मोठ्या कंपन्यांना २६% विरुद्ध ३०% हा हिशोब कोटींत असतो, त्यांनी करावा. तुम्ही याच्या नादी लागू नका.

आता वेबसाइट. इथे खरी बचत आहे आणि ती नियमात बसते. मुलगा तुमच्या वेबसाइटवर जाऊन यूपीआयने पैसे भरतो, त्याच मोबाइल नंबरने ॲपमध्ये लॉग-इन करतो, आणि ॲप त्याला पेपर उघडून देतं. याला प्लेची पूर्ण परवानगी आहे, बाहेर घेतलेलं आत वापरता येतं, आणि आत प्लेचं बिलिंगही चालू ठेवता येतं. त्या बाहेरच्या व्यवहारावर गुगलला काही द्यावं लागत नाही. खर्च फक्त गेटवेचे दहा रुपये. निम्मी मुलं जरी वेबसाइटवरून आली तरी वर्षाला पासष्ट हजार वाचले, डोक्याला ताप न होता. वेबसाइटवर किंमत कमी ठेवायलाही हरकत नाही.

पथ्य एकच आणि ते कडक पाळा: ॲपच्या आत 'वेबसाइटवर स्वस्त मिळेल' असं बटण नको, लिंक नको, बॅनर नको, हेल्पच्या पानात बारीक अक्षरातसुद्धा नको. ॲपच्या बाहेर काय सांगायचं ते तुम्ही मोकळे आहात. क्लासच्या फलकावर लावा, छापील प्रश्नसंचाच्या मलपृष्ठावर क्यूआर छापा, यूट्यूबच्या लेक्चरखाली लिंक द्या, ज्यांनी नंबर देऊन परवानगी दिलीय त्यांना मेसेज पाठवा. स्पर्धा परीक्षेची मुलं टेलिग्रामवर सगळं एकमेकांना सांगतात, आठवड्यात बातमी सगळीकडे जाते. तुमच्यासारखा गिऱ्हाईकवर्ग असलेल्याला हे फार सोपं आहे, कारण मुलं तुम्हाला आधीच ओळखतात. ज्याला गिऱ्हाईक प्ले स्टोअरच्या सर्चमधूनच मिळतं त्याला हे जमत नाही, आणि त्याच्यासाठी मी म्हणेन की १५% हा गिऱ्हाईक आणून देण्याचा खर्च आहे, द्यावा.

प्लेच्या बिलिंगची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. नूतनीकरण. प्लेवर यूपीआय ऑटोपे चालतं, वर्ष संपलं की पैसे आपोआप येतात. वेबसाइटवर ऑटोपे लावता येतं पण मँडेट (आपोआप पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी) फेल झाला, बँकेने नाकारला, मुलाने चुकून काढून टाकला, या सगळ्याच्या मागे तुम्हीच लागायचं. तुमच्या धंद्यात मुलं बहुतेक भरतीच्या एका जाहिरातीपुरतीच पैसे भरतात, पोस्ट मिळाली की निघून जातात, त्यामुळे तुम्हाला याचा फटका कमी. मासिकवाल्यांना जास्त बसतो.

मग दुसऱ्या स्टोअरवर जायचं कशाला? इथे माझं मत जरा ठाम आहे. कमिशन हा या सगळ्यातला लहान प्रश्न आहे, मोठा प्रश्न हा की तुमचं दुकान ज्या दारातून चालतं त्या दाराची चावी दुसऱ्याकडे आहे. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएमसारखं ॲप प्ले स्टोअरवरून काही तास गायब झालं होतं. १ मार्च २०२४ ला तर गुगलने फीच्या वादात दहा भारतीय कंपन्यांची ॲप काढून टाकली, त्यात भारत मॅट्रिमनी, शादी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम अशी घराघरात माहीत असलेली नावं होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव मध्ये पडले, कंपन्यांना बोलावलं, आणि काही दिवसांत ॲप परत आली. तुमचं माझं ॲप काढलं तर दिल्लीहून कुणाचा फोन जाणार नाही हो. आपल्याला एक ठरावीक मजकुराचा ईमेल येतो, अपील केलं की तसाच दुसरा येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाचं ॲप भरती परीक्षेच्या ऐन आठवड्यात असंच एका स्टोअरवरून उतरवलं गेलं, कारण काय तर चिन्हावरून सरकारी ॲप वाटतं म्हणे, चिन्हात साधा अशोकस्तंभासारखा दिसणारा खांब होता. चूक त्या क्लासचीच होती, ती दुरुस्तही केली, पण परत यायला लागले त्यात परीक्षा होऊन गेली आणि नवीन मुलं त्या काळात दुसऱ्या ॲपवर गेली. (तुमच्या ॲपच्या नावात परीक्षा घेणाऱ्या आयोगाचं नाव आहे, ते आजच काढा, आणि 'आम्ही सरकारी नाही' हे वर्णनात पहिल्या ओळीत टाका.)

म्हणून दुसरं दार हवं. अँड्रॉइडवर आज भारतात त्यासाठी पहिलं नाव इंडस. फोनपेने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलं, मूळ काम मुंबईत आयआयटीच्या मुलांनी सुरू केलेल्या इंडस ओएसचं. मराठीसकट बारा भारतीय भाषांत चालतं, आणि ॲपमधलं पेमेंट कुठल्याही गेटवेने घ्या, त्यावर कमिशन नाही. तुमच्यासारख्या मराठी ॲपला एक फायदा आणखी, वर्णन, स्क्रीनशॉट, सर्च सगळं मराठीत करता येतं आणि तिथे तुमच्या विषयात गर्दी अजून कमी आहे. शाओमीनेही भारतातल्या फोनवर आपल्या गेटॲप्स या स्टोअरच्या जागी इंडस आणलंय, त्यामुळे गावाकडच्या मुलांच्या हातात ते आपसूक येऊ लागलंय. पण आकड्यांची मोठी अपेक्षा ठेवू नका. ज्याच्या फोनवर प्ले आहे तो प्लेच उघडतो. इंडस स्वतः प्लेवर मिळत नाही, कारण प्लेवर दुसरं ॲप स्टोअर ठेवू देत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड करताना हे ठेवू द्या असं सांगितलं होतं, पण मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून नेमका हाच आदेश आणि स्टोअरबाहेरून एपीके टाकण्यावर अडथळे आणू नका हा आदेश, दोन्ही रद्द केले. माझ्या मते भारतातल्या इतर स्टोअरवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान त्या दंडाच्या मोठ्या आकड्याने नाही, या दोन ओळींनी झालं.

आता कामाचा भाग, जो कुणी सांगत नाही आणि ज्यात लोक हमखास अडकतात. साइनिंग की, म्हणजे ॲपवर सही करायची डिजिटल किल्ली. अँड्रॉइड ॲपवर डेव्हलपरची सही असते आणि फोन अपडेट घेताना जुनी सही आणि नवी सही जुळते का ते बघतो, नाही जुळली तर अपडेट घेतच नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर नवीन ॲप टाकताना ॲप बंडलच (ज्यातून गुगल पुढे एपीके बनवतं ती फाइल) द्यावं लागतं आणि अंतिम सही गुगलकडे ठेवलेल्या कीने होते. तुम्ही ॲप तयार करताना 'गुगललाच की बनवू दे' असं केलं असेल, बहुतेक सगळे करतात, तर ती की तुमच्याकडे नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर जी आहे ती फक्त अपलोडची. त्या अपलोडच्या कीने सही करून एपीके इंडसवर टाकली की झाली गडबड: ज्याच्याकडे प्लेवालं ॲप आहे त्याला इंडसवरून अपडेट घेता येत नाही, आधीचं काढून टाका म्हणतं, आणि काढलं की मुलाने डाउनलोड करून ठेवलेले पेपर, अर्धवट सोडवलेल्या चाचण्या, सगळं गेलं. वर गुगल लॉग-इन पण बंद पडतं, कारण गुगलच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरचं नियंत्रण पान) त्या दुसऱ्या सहीचा एसएचए-१ (सही ओळखायचा लांबलचक कोड) नोंदवलेला नसतो. स्क्रीनवर फक्त 'एरर १०' दिसतं आणि डेव्हलपर दोन दिवस कोड शोधत बसतो, कोडमध्ये काही नसतंच.

उपाय दोन. नवीन ॲप असेल तर पहिल्याच दिवशी स्वतः की बनवा, ती गुगलला द्या आणि मूळ आपल्याकडे दोन ठिकाणी जपून ठेवा. तुमचं ॲप जुनं आहे, तर प्ले कन्सोलमध्ये ॲप बंडल एक्सप्लोररमध्ये जा, तिथून प्लेच्या सहीची युनिव्हर्सल (सगळ्या फोनवर चालणारी) एपीके उतरवून घेता येते, तीच इंडसवर टाका, सही जुळते. पण मग त्यात प्लेचं बिलिंग तसंच राहतं आणि ते प्लेवरून न आलेल्या ॲपमध्ये धड चालत नाही, म्हणून ॲपने आपण कुठल्या स्टोअरवरून आलो हे ओळखून पैसे भरायचं पान बदललं पाहिजे: प्लेवरून आलं तर प्लेचं बिलिंग, नाहीतर गेटवे. प्लेच्या प्रतीत गेटवेचं पान चुकूनसुद्धा उघडता कामा नये, ते पान सर्व्हरवरून बंद राहील असं करा आणि दर रिलीजला तपासा.

की स्टोअरच्या हातात देणं किती महागात पडू शकतं याचं उदाहरण ॲमेझॉनचं. अँड्रॉइड फोनवरचं ॲमेझॉन ॲपस्टोअर २० ऑगस्ट २०२५ ला बंद झालं. ते प्रत्येक ॲपवर स्वतःची सही करत असे. ज्यांचे गिऱ्हाईक तिथले होते त्यांना प्लेच्या प्रतीवर सरळ नेता आलं नाही, प्रत्येकाला ॲप काढून पुन्हा टाकायला सांगावं लागलं, आणि असं सांगितलं की किती लोक परत येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. स्टोअर बंद पडू शकतं, ॲमेझॉनसारख्याचंसुद्धा. म्हणून मुलाचा अभ्यास फोनवर न ठेवता सर्व्हरवर ठेवा, लॉग-इन केलं की सगळं परत आलं पाहिजे.

वेबसाइटवर एपीके ठेवण्याबद्दल. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, तरी माझा सल्ला नको असाच. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान' अशा नावाच्या एपीके फिरतात, त्या टाकल्या की मेसेज वाचून खातं रिकामं करतात, पोलीस रोज सांगतायत की अनोळखी एपीके टाकू नका. अशा वेळी आपण आपल्या विद्यार्थ्यांना 'सेटिंगमध्ये जा, अननोन ॲप्सला परवानगी द्या, इशारा आला तर पुढे जा' हे शिकवायचं हे मला पटत नाही. आज आपल्यासाठी दिलेली परवानगी तो बंद करत नाही, उद्या त्याच दाराने चोर येतो. आणि धंद्याच्या बाजूने बघितलं तरी तोटाच, कारण प्ले प्रोटेक्टचा (फोनमधली ॲप तपासणारी गुगलची सोय) लाल इशारा बघून पालक फोन करतात. शिवाय गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की बाहेरून टाकायच्या ॲपच्या डेव्हलपरलाही ओळख पटवून द्यावी लागणार, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून बाकीच्या देशांत. सुरक्षेचं कारण खरं आहे हे मी वरच लिहिलंय, तरी स्टोअरच्या बाहेरच्या दाराचीही चावी पुन्हा त्याच हातात जातेय हेही तितकंच खरं, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आयफोनचं थोडक्यात. दुसरं स्टोअर युरोपियन युनियनमध्ये आहे, मार्च २०२४ मध्ये तिथला डिजिटल मार्केट्स ॲक्ट (मोठ्या टेक कंपन्यांना लगाम घालणारा कायदा) लागू झाला म्हणून ॲपलने आयओएस १७.४ मध्ये दार उघडलं, आणि उघडताना अशी फी लावली की दहा लाखांच्या वरच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलला वर्षाला अर्धा युरो, आणि स्टोअरवाल्याला तर पहिल्या इन्स्टॉलपासून. म्हणून ऑल्टस्टोअर पाल हे पहिल्या फळीतलं स्टोअर सुरुवातीला गिऱ्हाइकाकडूनच वर्षाला दीड युरो घेत होतं, पुढे एपिकने पैसे दिले तेव्हा ते फुकट झालं. जपानमध्ये १८ डिसेंबर २०२५ पासून तसाच कायदा पूर्ण लागू झाला, तिथेही दारं उघडली. अमेरिकेत दुसरं स्टोअर नाही पण ३० एप्रिल २०२५ च्या कोर्टाच्या आदेशाने ॲपमधून बाहेरच्या पेमेंटची लिंक देता यायला लागली, ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये लगेच पुस्तक घ्यायचं बटण आलं. भारतात यातलं काहीच नाही. स्पर्धा आयोगाने ॲपलची चौकशी २०२१ च्या शेवटच्या दिवशी सुरू केली, पण तिच्या भरवशावर आज कुठलाच हिशोब मांडू नका. तुमच्या मुलांपैकी आयफोनवाली किती असतील? त्यांच्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरून आयओएस ॲप सांभाळण्यापेक्षा मोबाइल ब्राउझरमध्ये नीट चालेल अशी वेबसाइट करा, पेमेंटची वेबसाइट करायचीच आहे, त्यातच पेपर सोडवायची सोय घाला. जो आयफोन घेऊन बसलाय तो होमस्क्रीनवर शॉर्टकट टाकून घेईल.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा मोबाइल नंबरने लॉग-इन आणि सर्व्हरवरचा साठा, मग वेबसाइटचं पेमेंट, मग इंडस. इंडसवर टाकायच्या आधी एखादा जुना स्वस्त फोन घ्या, त्यावर प्लेवरून ॲप टाका, एक पेपर अर्धा सोडवा, मग त्याच फोनवर इंडससाठी बनवलेली नवी प्रत वरून टाकून बघा. अपडेट गपचूप झालं, गुगल लॉग-इन चाललं आणि अर्धा पेपर जागेवर असला तर टाका. यातलं एक जरी फसलं तर थांबा, आणि कन्सोलमधला सहीचा एसएचए-१ आणि तुमच्या एपीकेचा एसएचए-१ शेजारी शेजारी ठेवून वाचा, नव्वद टक्के वेळा गडबड तिथेच सापडते.